लोखंडाचे दात बघणारा

अण्णा बंद पडलेल्या कारखान्यात शिरताना चपला बाहेर काढायचा. चालू कारखान्यात नाही. तिथं तो चिखलाच्या पायांनी थेट मालकाच्या केबिनपर्यंत जायचा. पण शटर अर्धं ओढलेलं, वीज तोडलेली, लेथवर धूळ धरलेली अशी जागा असली की दारात थांबायचा, वाकून चपला काढायचा, भिंतीला लावून ठेवायचा आणि अनवाणी आत जायचा. खाली लोखंडाचा कीस पडलेला असायचा, तळपाय चिरायचे. एकदा मी म्हटलं, "अण्णा, घाला पायात. लागतंय."

"लागू दे की," तो म्हणाला. "मढ्याच्या घरात चपला घालून जातीस काय तू?"

आणि मग त्याच घरात तो असा भाव पाडायचा की मालकाला भिंतीला टेकून खाली बसावं लागायचं.

समोर मी त्याला कायम 'अण्णा, तुम्ही' म्हटलं. इथं 'तो' म्हणणार आहे. हा कागद माझा आहे, इथं भाव मी सांगणार.

बेळगावच्या उद्यमबागेत बंद पडणाऱ्या छोट्या कारखान्यांची जुनी मशिनं घ्यायची आणि कोल्हापूर, सांगली, हुबळीकडच्या लोकांना विकायची, हा त्याचा धंदा. लेथ, मिलिंग, ड्रिल, शेपर, जे उभं असेल ते. उमेदीत तो सदलग्याकडं बैलांचा दलाल होता. लोकांच्या दारात ट्रॅक्टर आले, बैलांचा बाजार उतरला, तसा हा लोखंडात आला. भाषा मात्र गोठ्याचीच राहिली. मशिनं ठेवायच्या पत्र्याच्या शेडला तो गोठा म्हणायचा. टेम्पोतून नवीन मशीन उतरलं की म्हणायचा, "जनावर आलं." गिअरबॉक्सचं झाकण काढायला लावायचा, आत बॅटरी मारायचा आणि म्हणायचा, "दात बघू." गिअरच्या दातांवर बोट फिरवून तो मशिनीचं वय सांगायचा, आणि ते खोटं ठरलेलं मी पाहिलं नाही. मशिनींना त्यानं त्यांच्या जुन्या मालकांची नावं ठेवलेली असायची. कोपऱ्यातली शेपर खानापूरच्या एका माणसाची, म्हणून ती 'खानापूरकरीण'. तिला गिऱ्हाईक लागेना तेव्हा अण्णा येताजाता तिच्यावर थाप मारून म्हणायचा, "माहेरी ऱ्हायलीस गं."

ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडचा चहा प्यायचा नाही, हा त्याचा नेम. चहा प्यायला की जीभ जड होते म्हणायचा. स्वतःचा फ्लास्क स्कूटरला अडकवलेला असायचा. पण समोरच्यानं चहा मागवलेला असायचा, कप तसाच राहिला तर अपमान. मग तो कप माझ्याकडं सरकायचा. दिवसाला चार ठिकाणी गेलो तर मी आठ कप चहा प्यायचे. माझं पित्त त्या काळातलं आहे, आणि त्याच्या गोळ्या मी आजही स्वतःच्या पैशानं घेते.

आमची बॅच लॉकडाऊनच्या वर्षी बाहेर पडली. परीक्षा मोबाईलवर, निकाल मोबाईलवर, आणि कॅम्पसमधून मिळालेली नोकरीही मोबाईलवरच गेली. पुण्याकडच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीनं मला निवडलं होतं. आधी कळवलं, रुजू व्हायची तारीख पुढं ढकलली आहे. मग पुन्हा ढकलली. मग त्यांचा फोन लागेनासा झाला. वर्गातली पोरं पांगली. कोणी बँकेच्या परीक्षा द्यायला लागलं, कोणी बेंगळूरला कॉम्प्युटरचा कोर्स करायला गेलं, ज्यांच्या घरी ऊस होता ते उसात गेले.

आमच्या घरी ऊस नव्हता. घर बोरगावात. वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आई विड्या वळायची. माझ्या डिग्रीचं सर्टिफिकेट वडलांनी फ्रेम करून बुद्धाच्या फोटोशेजारी लावलं होतं. घरी कुणी आलं की त्याला बसवायच्या आधी ते दाखवायचे. "इंजनेर हाय आमची," म्हणायचे. "कुठं लागलीय?" असं समोरच्यानं विचारलं की पाणी आणायला आत जायचे.

मला नोकरी हवी होती ती मशिनीवरची. शिकवण्या नकोत, ऑफिसात टायपिंग नको. मला शॉपमध्ये उभं राहून माल बनताना बघायचा होता, तो मापात आहे की नाही हे सांगणारं माणूस व्हायचं होतं. आणि वेळ थोडा होता. नव्या पोरांना घेणाऱ्या कंपन्या यंदाची बॅच बघतात. पुढच्या वर्षी पुढची बॅच येते आणि तुमची डिग्री शिळी होते. सरकारी भरती तेव्हा थंडच होती, जी होती तिथं माझं लिहिण्यातलं कन्नड पुरत नव्हतं. बोलायला येतं, पण शाळा मराठी. म्हणून बेळगावात दोन मुलींबरोबर खोली घेतली आणि उद्यमबागेत गेटोगेट फिरून बायोडेटा देऊ लागले.

अशाच एका गेटवर अण्णा वॉचमनच्या स्टुलावर बसला होता, आणि वॉचमन शेजारी उभा होता. मी कागद वॉचमनला देत होते, तर अण्णानं मधेच हात घालून घेतला. वाचला नाही, नुसता तळहातावर तोलला.

"हे असं वाटत हिंडू नको," म्हणाला. "हा ह्यात भजी बांधतोय."

"न्हाय हो अण्णा," वॉचमन म्हणाला.

"मग वडा." तो माझ्याकडं वळला. "काय शिकलीयास?"

"मेकॅनिकल."

"लेथ बघून सांगतीस काय, बरी का वाईट?"

"सांगते. चालवणारा काय म्हणतो ते ऐकलं की आणखी नीट सांगते."

"चालवणारा तुला कशाला सांगंल?"

"का नाही सांगणार? कॉलेजची मुलगी प्रोजेक्टला आलीय म्हटलं की सगळे सांगतात."

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघायला लागला. आधी समोरून, मग जरा सरकून बाजूनं. बाजारात कसं बघतात हे मला माहीत असतं तर मी तिथूनच परत फिरले असते.

पगाराचा आकडा त्यानं सांगितला. मी दुप्पट सांगितला. तो उठून चालायला लागला. मी जाऊ दिलं. वळलेल्या विड्या जमा करायला आई जायची तिथं चांगल्या विड्यासुद्धा 'छाट' म्हणून बाजूला टाकणारा एक माणूस होता. त्याच्याशी ती दर आठवड्याला भांडायची आणि मी तिच्या पदराला धरून ते बघत मोठी झाले. निघून चाललेल्याला हाक मारायची नाही, हे मला इंजिनिअरिंग कॉलेजनं शिकवलेलं नाही. अण्णा कोपऱ्यावरून परत आला.

"बरं, दोघांच्या मधला देतो. आनि वर्षभर माझ्याबर हिंड. हितल्या सगळ्या मालकांची वळख हुतीय. वर्षानं तू म्हणशील तिथं चिकटवतो तुला. माझा शब्द कोण मोडत न्हाय हितं."

हा शब्द होता म्हणून मी गेले. पगारासाठी नाही.

आता तो काय करायचा ते सांगायला हवं. कारखाना विकायला काढलेला मालक आधी कुणाला बोलत नाही. कामगारांना कळलं तर ते दुसरीकडं काम बघतात. कच्चा माल देणाऱ्याला कळलं तर तो हात आखडतो. ज्याच्यासाठी माल बनतो त्याला कळलं तर ऑर्डर जाते. म्हणून मशिनं घेणारा आधी गुपचूप येऊन बघून जातो. अण्णानं यासाठी वर्षानुवर्षं लग्नपत्रिका वापरल्या होत्या. हातात पत्रिकांचा गठ्ठा घेऊन, "पोरीचं लगीन हाय, यायला पायजे," म्हणत आत जायचा आणि केबिनपर्यंत पोचेतोवर डोळ्यांनी सगळी मशिनं तपासायचा. त्याला मुलगी नव्हती. बायकोही फार आधी गेलेली. पुढं पुढं असं झालं की अण्णाची पत्रिका आली की कामगार आपले डबे आणि टॉवेल गोळा करायला लागायचे. पत्रिकांचा उपयोग संपला, आणि नेमकी मी आले.

"भाची हाय माझी. इंजनेरिंगला हाय. प्रोजेक्टला कारखाना बघायचाय तिला," असं तो शॉपमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा आणि स्वतः केबिनमध्ये पंख्याखाली जाऊन बसायचा. मालकाला खरं माहीत असायचं, बाकी कुणाला नाही; अण्णाच्या हातात पत्रिका नाही म्हटल्यावर त्यांना धसका नसायचा. गळ्यात मी कॉलेजचं मुदत संपलेलं ओळखपत्र अडकवायचे. मशिनीमागून मशीन फिरायचे, विचारायचे, आणि माणसं सांगायची. त्यांना वर्षानुवर्षं कुणी काही विचारलेलं नसायचं.

एका शॉपमध्ये एक टर्नर होता. उंच, कानावर खडूचा तुकडा अडकवलेला. त्याला मी मामा म्हटलं. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून मला त्याची लेथ उलगडून दाखवली.

"हितं हात लाव. चकाजवळ. बेड बसलाय, लागतंय काय हाताला? सगळं काम हितंच चालतंय न्हवं, म्हणून झिजलाय. माप एका बाजूला मोठं येतंय. खरं मी शेवटच्या कटाला हातानं जुळवून घेतो."

"मालकांना सांगितलंय काय मामा?"

"कशाला? म्हातारी झाली म्हणून काय घराभाईर काढायची?" तो हसला. "चांगली शीक गं. तुझा कारखाना झाला की मला घे."

"घेते की."

परत येताना स्कूटरवर मी अण्णाला सांगितलं, बेड, म्हणजे लेथचा खालचा लोखंडी पाट, चकाजवळ, जॉब धरतात तिथं, झिजलाय. पुढच्या आठवड्यात सौद्याच्या वेळी अण्णा मालकाला घेऊन त्या लेथपाशी गेला आणि नेमकं तेवढ्याच जागेवर बोट ठेवलं. मालकाचा चेहरा उतरला, आणि त्याबरोबर भावही.

माझं काम मी चोख केलं. ते मला जमत होतं, आणि जमतं त्याची लाज मला कधी वाटली नाही. गोठा भरत चालला. त्या वर्षांत शटर असं पटापट खाली येत होतं की हायड्रावाला, म्हणजे मशिनं उचलायची क्रेन चालवणारा, आमच्याच गेटवर झोपायला लागला. कॉलेजात मी जिथं नोकरी करायची स्वप्नं बघितली होती त्या शॉपची मशिनं मी एकेक करून टेम्पोत चढवली. सकाळी मंदीत नोकरी शोधायची आणि दुपारी मंदीचाच माल भरायचा, अशी माझी उमेदवारी झाली.

मधे मधे मी आठवण करून द्यायचे.

"अण्णा, वर्ष झालं."

"व्हय, झालं की."

"चिकटवतो म्हणालात."

"कुठं चिकटवू? ज्यो त्यो विकायच्या मागं हाय. जरा बाजार उठू दे."

बाजार उठला. ऑर्डरी यायला लागल्या, ओतकामाच्या बंद पडलेल्या दोन फौंड्र्या पुन्हा पेटल्या. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "आता तर लई काम हाय. नवीन शॉप टाकणाऱ्यांना मशिनं पायजेत. आता गेलीस तर कसं?" म्हणजे बाजार पडलेला असो की उठलेला, माझी वेळ त्याच्या पंचांगात नव्हतीच.

त्या दिवाळीत तो बोरगावला आमच्या घरी आला. न सांगता, स्कूटरवर, सोबत मिठाईचा पुडा आणि वडलांना धोतरजोडी. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या, हा माणूस जेवतो की नुसतं पाणी पिऊन उठतो. तो मांडी घालून बसला, भाकरी मोडून आमटीत कुस्करली आणि भात दोनदा मागून घेतला. आईच्या हातचा चहा प्यायला. वर बघून फ्रेममधलं सर्टिफिकेट पाहिलं, उठून जवळ गेला, काचेवर बोट फिरवलं.

"तुमची पोरगी सोनं हाय," तो वडलांना म्हणाला. "माझ्या धंद्याची निम्मी अक्कल हिची हाय."

"इंजनेर हाय न्हवं," वडील म्हणाले. "कंपनी कवा घील तिला?"

"घेतील की. घेतल्याबिगर कुठं जात्यात?"

तो गेल्यावर वडील खूश होते. मीही होते. एवढा चहाचा नेम पाळणारा माणूस आमच्या घरी चहा प्यायला. आमच्याकडून घेण्यासारखं काही नाही म्हणून असेल, असं मला तेव्हा वाटलं. सौदा आधीच होऊन गेला होता, हे लक्षात यायला आणखी वर्ष जावं लागलं.

एका कारखान्याची जाहिरात मी माझी मी शोधून काढली. अण्णाला सांगितलं नाही. हायड्रॉलिकचे भाग बनवणारं मोठं शॉप होतं, बाहेरदेशची ऑर्डर आली होती आणि माल तपासायला इंजिनिअर हवा होता. मला जे व्हायचं होतं नेमकं ते. मी अर्ज केला, त्यांनी फोनवर थोडे प्रश्न विचारले आणि बोलावलं. त्या शॉपमध्ये अण्णाबरोबर मी कधी गेले नव्हते. कारण ते कधी विकायला निघालं नव्हतं.

इस्त्रीचा ड्रेस, हातात फाइल. केबिन शॉपच्या पलीकडच्या टोकाला होती, मशिनींच्या मधून चालत जावं लागत होतं. मी निम्म्यावर आले असेन, तेव्हा डाव्या बाजूची एक लेथ बंद झाली. मग तिच्या पलीकडची. मी तिकडं बघितलं तर कानावर खडू लावलेला तो टर्नर मामा उभा होता. जुनं शॉप बंद झाल्यावर त्यानं इथं काम धरलं होतं.

"ह्या खेपेला बी प्रोजेक्ट हाय काय?" त्यानं विचारलं. आवाज अजिबात वर नव्हता.

"नाही मामा. इंटरव्ह्यू आहे."

"व्हय काय." त्यानं हात पुसले. "तकडं बी कायतरी असंच हुतं."

मी पुढं चालत राहिले. माझ्या मागं मशिनं थांबत गेली. शॉप बंद होताना कसं ऐकू येतं हे ज्यानं ऐकलंय त्याला कळेल. आवाज संपत नाही, तो एका कडेनं उसवत येतो.

केबिनमध्ये मालक आणि त्यांचा मॅनेजर होते. त्यांनी ड्रॉइंग पुढं ठेवलं, मापाच्या मर्यादा विचारल्या, मोजायची साधनं विचारली. मी उत्तरं दिली. शॉपमधल्या माणसांनी दोन-अडीच वर्षं मला जे शिकवलं होतं तेही मधे मधे येत होतं, आणि मॅनेजर मालकाकडं बघून मान हलवत होता. मला वाटलं, झालं. खरंच वाटलं. कधीपासून रुजू होणार, असं मॅनेजरनं विचारलंसुद्धा.

तेवढ्यात दार वाजलं. पाच-सहा जण उभे होते, पुढं मामा.

"मालक, विकायलाय तर तोंडावर सांगा," तो म्हणाला. "भाईरनं कळायला नको आमाला."

"कोण विकतंय?" मालक गोंधळले.

मामानं माझ्याकडं बोट केलं नाही. नुसतं बघितलं. "ही बाई त्या जुन्या मशिनंवाल्या अण्णाची. ही येऊन गेली की म्हैन्याभरात क्रेन येतीय. माझं जुनं शॉप असंच गेलं."

मालकांनी त्यांना समजावलं, शपथ घेतली, ऑर्डरचे कागद दाखवले. मग दार लावून घेऊन माझ्यासमोर बसले. भला माणूस होता, रागावला नाही. तो रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"बाई, तुम्हाला काम येतंय," ते म्हणाले. "मला तुमच्यासारखंच माणूस पाहिजे. पण तुम्ही रोज सकाळी या दारातनं आत आलात की माझी माणसं रोज सकाळी मशिनं बंद करून बघत बसतील. आणि संध्याकाळी मला माल देणारा फोन करून विचारेल, काय हो, विकताय म्हणे?"

मी भाव करायचा प्रयत्न केला. म्हटलं, महिनाभर बिनपगारी ठेवून बघा. म्हटलं, मागच्या दारानं येते, वरच्या खोलीत बसून तपासते. आयुष्यात मी असा पडका सौदा कधी केला नव्हता. त्यांनी नकाराची मान हलवली आणि चहा मागवला. मी प्यायले नाही.

तो कारखाना आजही चालू आहे. उत्तम चालू आहे. माझ्या जागेवर माझ्यानंतरच्या बॅचचा एक मुलगा आहे.

मी सरळ गोठ्यावर गेले. अण्णा एका लेथच्या बेडवर बसून फ्लास्कमधला चहा पीत होता.

"नटून कुठं गेलतीस?"

मी सांगितलं. सुरुवात हळू केली होती, शेवटाला माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. हायड्रावाला उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

अण्णानं सगळं ऐकून घेतलं. "जायच्या आधी मला इच्यारायचं हुतंस."

"विचारलं असतं तर?"

"जाऊ नको म्हणालो असतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्यानं कपातला थेंब खाली झटकला. "जनावर एका बाजारात उभं केलं तर त्याला भाव असतोय. चार बाजार हिंडवलं की माणसं म्हणत्यात, ह्यात कायतरी खोट हाय. मग ते कितीबी चांगलं असू दे, हात कोण लावत न्हाय. ठावं हुतं मला."

"कधीपासनं?"

"पैल्या बाजारापासनं."

मला वाटलं होतं तो नाकारेल, निदान बाजाराच्या नावानं रडेल. त्यानं नुसतं सांगून टाकलं, एखाद्या मशिनीचं वय सांगावं तसं. हाताशी एक पाना होता, तो मी फेकला. त्याच्यावर नाही, पत्र्यावर. शेड कितीतरी वेळ वाजत राहिली. मला ज्या ज्या दारातून इंजिनिअर म्हणून आत जायचं होतं, त्या प्रत्येक दारापर्यंत ह्या माणसानं मला आधीच खोटी म्हणून पोचवलं होतं. माझी डिग्री त्यानं एकेक शॉप करून वापरून संपवली होती, आणि फ्रेम तेवढी बोरगावच्या भिंतीवर शिल्लक होती.

"अर्धा गोठा," मी म्हटलं. "अर्धा धंदा, अर्धी जागा. माझ्या नावावर. ह्याच आठवड्यात, वकिलापुढं."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. ना उठून चालायला लागला, ना हसला, ना 'येडी झालीस काय' म्हणाला. त्या आठवड्यात खरंच वकिलाकडं आला, सही केली, आणि बाहेर पडून रस्त्यावर म्हणाला, "चल, चिकोडीला एक मिलिंग बघायचंय."

जिंकल्यासारखं मला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी निपाणीच्या बसमध्ये डोक्यात उजेड पडला. जुन्या मशिनींच्या धंद्यात पहिल्या आकड्याला 'बरं' म्हणणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्यानं मनात त्याहून मोठा आकडा धरलेला असतो. आणि अण्णा वेडा नव्हता. एका जुन्या चकासाठी भर उन्हात सकाळपासून दुपारपर्यंत उभा राहिलेला मी त्याला पाहिला होता.

त्यानंतर आम्ही एकत्र धंदा केला, नीट केला. प्रोजेक्टचं सोंग मी बंद केलं. मी स्वतःच्या नावानं आत जाते आणि काय घ्यायला आले ते मालकाला आणि कामगारांना एकदमच सांगते. त्यामुळं भाव थोडा चढा द्यावा लागतो. अण्णाला ते पटलं नाही, पण अर्धा गोठा माझा असल्यामुळं बोलला नाही. वडील आता लोकांना "मालकीण हाय आमची" असं सांगतात आणि पाणी आणायला आत जात नाहीत. त्यांना वाटतं मी पोचले. मी त्यांना काही सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णाची छाती भरली. बेळगावात दवाखान्यात ठेवला होता. मी रोज जायचे; दुसरं कोण जाणार होतं? पुतणे दोन, ते पुण्याला. एका दुपारी नळी काढल्यावर तो जरा बोलता झाला. कुठली लेथ गेली, कुणाचा फोन आला, हे सगळं विचारून घेतलं. मग मी विचारलं. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं होतं.

"त्या दिवशी मी अर्धा मागितला, अण्णा. किती धरलं होतं तुम्ही मनात?"

त्यानं पांघरूण छातीवरनं खाली सरकवलं.

"मी पुरा धरलावता," तो म्हणाला. "गोठा, जागा, समदं. म्हटलं, ही आज समदं मागतीय, आनि द्यायला लागतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"घेणारा कवा सांगतोय काय?" त्याला खोकला आला, मी पाणी दिलं. ते पिऊन तो पुन्हा आडवा झाला. "तुझं मी घेतलंवतं. भाव तू सांगायचा. तू निम्माच सांगितलास."

त्याला लागलेला दम मी बघत होते आणि तरी मला त्या खाटेवरून त्याला धरून उठवावंसं वाटत होतं. नर्स आली म्हणून मी बाहेर गेले.

आठवड्यानं तो गेला. त्याचा अर्धा हिस्सा पुतण्यांकडं गेला. त्यांना लोखंडातलं काही कळत नाही, त्यांना तो विकायचाच आहे, आणि घेणारी मीच आहे हे त्यांना माहीत आहे. दर रविवारी थोरला फोन करतो. "आक्का," म्हणतो, "तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून टाका."

मी अजून आकडा सांगितलेला नाही. आधी त्यांना बोलू दे.